सोळा ग्रंथ आणि एक घोंगडे

एका तालुक्याच्या गावी एक कॉलेज होते. तिथे शेवटच्या वर्षाला सतरा मुले होती. घार्गे सरांनी त्यांना 'आपल्या भागातील घोंगडे विणकाम' या विषयावर वीस गुणांचा प्रकल्प दिला. विणकरांची सणगर गल्ली कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर होती. तरीही ती दूर वाटल्यामुळे सर्वांनी मोबाईलमधल्या एआयला विचारले. त्याने क्षणात पाने भरून दिली.

वर्गात हर्षदा सणगर नावाची मुलगी होती. तिनेही एआयचीच मदत घेतली. पण आलेला मजकूर तिने मागावर बसलेल्या वडिलांना वाचून दाखवला. घोंगडे कडक व्हावे म्हणून त्याला तांदळाची खळ लावतात, हे वाक्य आले तसे वडील थांबले.

"तांदूळ खायचा सोडून घोंगड्याला कोण लावतं? चिंचोके कुटून शिजवायचे, त्याची खळ. तुझ्या यंत्राला एकदा इकडं पाठव."

हर्षदाने चूक सुधारली. शेवटी संदर्भांच्या पानावर तिने लिहिले : 'पान तीन ते पाचचा कच्चा मजकूर एआयकडून घेतला. विचारलेला प्रश्न सोबत जोडला आहे. खळीची माहिती चुकीची होती, ती वडिलांनी दुरुस्त केली.'

वर्गातल्या इतरांचे संदर्भ भारदस्त होते. मागच्या वर्षीच्या प्रकल्पांतून ग्रंथांची नावे उतरवून घ्यायची, अशी त्या कॉलेजची परंपरा होती. ग्रंथ उघडण्याची परंपरा नव्हती.

हर्षदाचे पान पाहून तिची मैत्रीण प्राजक्ता म्हणाली, "अगं, चोरी करून पोलिसांना पत्ता कोण देतं? सर गुण कापतील. एम.ए.चा प्रवेश जाईल तुझा."

ते खरे होते. पंधरापेक्षा एक गुण जरी कमी आला, तरी हर्षदाचा प्रथम वर्ग हुकणार होता. तिने रात्रभर नव्हे, पण जेवण होईपर्यंत विचार केला. मग म्हणाली, "शेजारच्या काकूंकडून विरजण आणलं, तर दही लागल्यावर त्यांचं नाव सांगतोच ना आपण? राहू दे तसंच."

परीक्षेला बाहेरून ओंबासे मॅडम आल्या. सोळा प्रकल्पांत तांदळाची खळ होती आणि तिला आधार म्हणून सोळा वेगवेगळे ग्रंथ होते. एका चुकीवर विद्वानांचे इतके एकमत त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते. त्यांनी प्रत्येकाला एकच विचारले, "हे ग्रंथात कोणत्या पानावर आहे?"

सोळा जणांनी खाली पाहिले. जमिनीवर पान क्रमांक नव्हता. "एआयनं सांगितलं" असे म्हणायची सोय त्यांनी स्वतःच घालवली होती. त्या सोळाही जणांना प्रकल्प पुन्हा लिहावे लागले.

हर्षदाला मॅडमनी विचारले, "यंत्राचं काय घेतलंस आणि तुझं काय?" तिने बोट ठेवून ओळ न् ओळ दाखवली. मॅडमनी अठरा गुण दिले. दोन कापले, कारण एआयला कोणत्या तारखेला विचारले, ते तिने लिहिले नव्हते. पुढच्या वर्षी हर्षदा एम.ए.ला गेली.

तात्पर्य: मदत कोणाचीही घ्यावी, पण मदत करणाऱ्याचे नाव सांगावे. जो मदत लपवतो, त्याला तिच्या चुकाही स्वतःच्या म्हणून पदरात घ्याव्या लागतात.