सातव्या हौदाजवळचं घर

पाटाच्या कडेकडेनं चालत खाली आलात, मग वाटेत हौद किती लागले ते मोजलंत का? सात लागतात. सातव्या हौदाला लागून दोन खोल्यांचं कौलारू घर आहे. दारात चपलांचे जोड, दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसले असतील. नांदतं घर आहे, पण ते कुणाच्या मालकीचं नाही. तांबसरी गावाला पाणी पुरवायचा ठेका ज्याच्याकडे असेल, त्यानं ठेका संपेपर्यंत बायकामुलांसह त्या घरात राहायचं, अशी इथली रीत आहे.

आमची नगरपालिका लहान. इतर गावांत निघतात तशाच इथंही निविदा निघतात, पेपरात जाहिरात येते, लिफाफे सगळ्यांसमोर उघडतात. अटीही छापील, सगळीकडे असतात तशा. फक्त पाण्याच्या निविदेत शेवटी एक ओळ जास्त असते : ‘ठेकेदाराने मुदतीत सातव्या हौदाजवळील घरी राहावे.’ बाहेरगावचे ठेकेदार ती वाचून हसतात. एकदा जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “ही अट कोणत्या नियमात बसते?” तेव्हाचे हेडक्लार्क शांतपणे म्हणाले, “साहेब, नियम नंतर आलाय. अट आधीची आहे.” साहेबांनी चहा घेतला आणि त्यावर काही शेरा मारला नाही.

आधीची म्हणजे नक्की कधीची, ते कुणालाच सांगता येत नाही. नगरपालिका नव्हती, पाच पंच गावचा कारभार बघत, तेव्हाची गोष्ट सांगतात.

डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दगडी पाटानं गावात येई. पाट साफ ठेवायचा, फुटला तर बांधायचा आणि सातही हौद भरायचे, हे काम दरवर्षी मक्त्यानं देत. पाडव्याला पंच पहिल्या हौदाच्या ओट्यावर बसत आणि जो सगळ्यांत कमी धान्य मागेल, त्याच्या हातात विडा ठेवत. सरल्या वर्षाचं काम तपासायचं तेही त्याच बैठकीत. तपासायचं म्हणजे पाटलांनी आपली काठी हौदात बुडवायची आणि वर काढून सगळ्यांना दाखवायची. काठी मुठीपर्यंत ओली झाली की काम चोख. कुणाची तक्रार असेल तर तीही तिथंच, त्याच दिवशी मांडायची.

आता पहिला हौद झऱ्याला सगळ्यांत जवळचा. त्यात काठी ओली होणार नाही तर काय? पण हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वाडवडिलांनी काठी बुडवली, म्हणून हेही बुडवत होते.

मक्ता तेव्हा हैबती नावाच्या माणसाकडे होता, सलग नऊ वर्षं. तो लबाड नव्हता असंच सगळे सांगतात. तो पहिल्या हौदाजवळ राहायचा, सकाळी उठला की पाण्याचा आवाज ऐकायचा. गावभर असाच आवाज असेल, असं त्याला वाटायचं. तिकडे पाटाच्या वरच्या अंगाला कुणी केळीसाठी दोन दगड काढले होते, कुणी पानमळ्यासाठी चर खणला होता. चौथ्या हौदापासून धार बारीक होई. सातवा हौद कुंभारआळीत, तिथं पोचेपर्यंत पाटात नुसती ओल उरायची. पुढं पुढं तीही उरेना.

कुंभाराला पाणी नाही म्हणजे माती भिजत नाही, चाक फिरत नाही. बाया दीड कोसावरच्या ओढ्यावरून घागरी आणत, त्या प्यायलाच पुरत नसत. आळीतल्या अकरा घरांपैकी सहा घरं गाव सोडून गेली. उरलेल्यांत आनसाबाई होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, सातव्या हौदाला लागून तिचं घर. ती चार पाडवे तक्रार घेऊन पंचांपुढं उभी राहिली होती. चारही वेळा पाटलांनी भरलेल्या हौदाकडे बोट दाखवलं होतं.

पाचव्या पाडव्याला ती पुन्हा आली.

“काय गं आनसे, औंदा पण?” पाटील म्हणाले.

“औंदा पण.”

पाटलांनी काठी बुडवून वर धरली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. “हे काय मग? दूध हाय व्हय?”

बैठक हसली. आनसाबाईनं डोक्यावरची रिकामी घागर खाली ठेवली आणि म्हणाली, “पाटील, तुमची काठी भिजली. माझं मडकं कवा भिजायचं? आता ऐका. सातव्या हौदात पाणी येईस्तवर मी दुसरं पाणी तोंडात घेणार न्हाई. वढ्याचं न्हाई, विहिरीचं न्हाई, तुमच्या या हौदाचं तर न्हाईच न्हाई.”

घागर तिथंच ठेवून ती चालत गेली आणि सातव्या हौदाच्या कोरड्या पायरीवर जाऊन बसली.

पहिल्या दिवशी लोकांना ती रागाची गोष्ट वाटली. दुसऱ्या दिवशी शेजारणी ताक घेऊन आल्या, तिनं हात जोडले. चैत्राचं ऊन, ओठ फुटलेले. पंचांनी काही करायला हवं होतं. पण पाचही पंच जमल्याशिवाय बैठक भरत नसे आणि एक पंच लेकीच्या गावाला गेलेले. ते तिसऱ्या दिवशी परतले. मग पाची जण पहिल्या हौदावर जमले आणि बैठक सातव्या हौदावर न्यावी का, यावर बोलत बसले. दाजीबा नावाचे थोरले पंच म्हणाले, “बैठक इथनं कधी हलली न्हाई. उद्या आणि कोण म्हणंल, आमच्या गोठ्यात भरवा.”

पाटलांची बायको मागं बायकांत उभी होती. पंचांपुढं बाईनं बोलायची पद्धत नव्हती. तरी ती बोलली. “भरवा की गोठ्यात. पर ती बाई मेली तर तिची माती कुठल्या हौदावर करायची, ते बी याच बैठकीत ठरवून टाका.”

पाटील उठले आणि पाटाच्या कडेनं खाली निघाले, बाकीचे त्यांच्या मागून. असं म्हणतात, की गावचे पंच आपला पाट शेवटपर्यंत चालले, ते त्या दिवशी पहिल्यांदा. दुसऱ्या हौदाखाली केळीची बाग लागली. ती दाजीबांची होती. दाजीबा पायाकडे बघत चालू लागले. पुढं पानमळा लागला, तो खुद्द पाटलांचा. हैबती सगळ्यांच्या मागं होता, प्रत्येक हौदात वाकून बघत.

सातव्या हौदावर सावली नाही. भर उन्हात पंच दगडांवर बसले. घसे कोरडे पडलेले. पाटलांनी सवयीनं हाक मारली, “अरे, कुणीतरी पाणी आणा.”

पायरीवरून आनसाबाई म्हणाली, “पाटील, मी बी तेच म्हणत्ये.”

पाटलांनी काठी हौदात टाकली. ती तळाच्या धोंड्यावर वाजली आणि धुळीनं भरून वर आली. मग तिथंच मक्ता नव्यानं द्यायचं ठरलं. हैबतीनं या वेळी नेहमीच्या दुप्पट धान्य मागितलं. म्हणाला, “आजवर मागत हुतो ते चार हौदांचंच हुतं. मला ठावं नव्हतं.” कमी मागणारा दुसरा कुणी पुढं आला नाही. आनसाबाई म्हणाली, “मागू द्या त्याला. पर त्यानं राहायचं इथं, माझ्या घरात. मी दिराकडं जाते. घर गावाला दिलं.” पंचांनी ते मान्य केलं आणि पाटलांनी विडा हैबतीच्या हातात ठेवला.

आजही पाण्याच्या निविदेचे लिफाफे सातव्या हौदावरच उघडतात. सभा कितीही लांबली तरी मंडप घालायचा नाही, असा ठराव आहे. आनसाबाई बसली ती पायरीही तिथंच आहे आणि ऐन उन्हाळ्यात हात लावला तरी ती ओलसर लागते. इंजिनियर म्हणतात, आतून झिरपत असेल. गावातल्या बाया तिला हळदकुंकू वाहतात. दोघांचं भांडण नाही.

पण त्या दिवशी पुढं काय झालं, तेही ऐका. विडा दिल्यावर पाटील आनसाबाईला म्हणाले, “आता ठरलं सगळं. घोटभर घे.”

ती म्हणाली, “ठरलं ते मी ऐकलं. हौदाला अजून कळलं न्हाई.”

दिवस कलताना हैबती बायको आणि बाडबिस्तरा घेऊन तिच्या घरात आला. त्याची बायको कृष्णाई घागर घेऊन हौदावर गेली, तशीच परत आली आणि घागर त्याच्या पुढ्यात आदळली. “नऊ वरसं गावाला पाणी पाजलं म्हनत हुता न्हवं? आता मला पाजा.” हैबतीनं फावडं उचललं आणि आल्या पावली पाटाच्या वरच्या अंगाला गेला. दाजीबांच्या बागेपाशी दाजीबा स्वतःच दगड परत बसवत होते. पाटलांचे गडी चर बुजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातव्या हौदात वीतभर गढूळ पाणी आलं. ते निवळायला थोडा वेळ लागला. मग आनसाबाई दोन ओंजळी पाणी प्यायली.