सरपंचांचा बीपी आणि अमेरिकेचं यंत्र

त्या दिवशी सकाळपासून ढगाळ होतं, हवा अशी कुंद की धडधाकट माणसालाही धाप लागावी. सदूतात्यांच्या यमुनाबाईंना तर दमाच होता. भाच्यानं अमेरिकेहून औषधाची वाफ देणारं यंत्र धाडलं होतं आणि फोनवर बजावलं होतं, "मामा, तिकडची वीज एकशेवीस व्होल्टची, आपली जवळजवळ दुप्पट. मधे जोडायचा ट्रान्सफॉर्मर उद्या येईल. तोवर लावू नका, जळेल."

तेवढ्यात सरपंच रंगराव दवाखान्यातून आले. "बीपी एकशेवीस! पोरासारखा!" हे गल्लीभर सांगून झाल्यावर त्यांची नजर यंत्रावर गेली. तात्यांनी भाच्याची ताकीद सांगितली.

"लावा की! दुप्पट वीज म्हणजे दुप्पट जोर. मी सांगतोय ना!"

तात्यांनी प्लग मुठीत घट्ट धरला. आज यमुनाबाईंचं तोंडानं ओढायच्या जुन्या पंपावर भागलं असतं. हे यंत्र जळलं तर दुसरं कुठून आणायचं?

"आण इकडं!" सरपंचांनी हात पुढं केला.

तात्या सावकाश म्हणाले, "सरपंच, तुमचा बीपी एकशेवीस. उद्या दोनशेचाळीस झाला, तर गावाची कामं दुप्पट कराल का?"

रंगरावांचा पुढं केलेला हात छातीवर गेला. ते बाहेर पडले.

थोड्या वेळानं शेजारच्या गोदाक्का दारातून डोकावल्या. "तात्या, सोडा आता तो प्लग. सरपंच परत दवाखान्यात गेलेत, आकडा बघायला."