इंजिन गार होईपर्यंत

"…मग आता अडलं कुठं, चाचा? बोट चांगली, कागद चांगले, मालक आज सही करायला तयार. एकदा हो म्हणा."

कप्तान बशीर मुकादम बोटीच्या मागच्या भागात गुडघे टेकून बसले होते. इंजिनावरची फळी त्यांनी बाजूला काढून ठेवली होती. त्यांनी हात आत घातला, तळवा इंजिनावर टेकला आणि तसाच राहू दिला.

"गरम आहे," ते म्हणाले.

"असणारच," प्रद्योत म्हणाला. "आपण यायच्या आधी पाटणकरांनी चालू करून बघितलं."

"मग गार होऊ दे. गरम इंजिन कसंही सुरू होतं."

मुकादम उठले, धक्क्यावर उतरले आणि उंडीच्या झाडाखाली जाऊन बसले.

आयुष्यभर मोठी जहाजं चालवून मुकादम दाभोळच्या खाडीकाठी आपल्या गावी परतले होते. कुणी खरंच शिकायला आलं तर शिकवायचे. प्रद्योत खोत त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. भरती-ओहोटी, नांगर, धुक्यातला रस्ता, सगळं त्यानं भराभर उचललं होतं. आता शिकण्यासारखं फारसं उरलं नाही असं त्याला वाटे, आणि ते तो बोलूनही दाखवी. आज तो गुरूंना घेऊन आला होता तो सल्ल्यासाठी नव्हे. आशीर्वादासाठी.

बोट होतीच तशी. पांढरीशुभ्र, फायबरची, पुढे केबिन, दोघांना झोपायला जागा. वापरलेली आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं. प्रद्योतची ही पहिलीच बोट होणार होती.

दलाल पाटणकर घड्याळ बघत म्हणाला, "संध्याकाळी गोव्याचं गिऱ्हाईक येतंय. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

प्रद्योत झाडाखाली आला.

"चाचा, ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग?"

"अजून गरम असेल."

प्रद्योत त्यांच्यासमोर उकिडवा बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे मी घाई का करतोय."

मुकादमांना माहीत होतं. प्रद्योतचे वडील भालचंद्र खोत दीपगृहावर नोकरीला होते. जयगड, रत्नागिरी, देवगड, बदली होईल तिथं त्यांनी दिवा सांभाळला. सगळा जन्म समुद्राकडे वरून बघण्यात गेला. समुद्रातून आपला दिवा कसा दिसतो, हे बघायचं मात्र राहून गेलं. आता काचबिंदूनं एक डोळा गेला होता, आणि दुसऱ्यातलं थोडं उरलेलंही फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"माहीत आहे," मुकादम म्हणाले, आणि खाडीकडे बघू लागले.

ओहोटी लागली होती. धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडू लागल्या. बोट हळूहळू खाली गेली, मग चिखलात टेकली आणि एका कुशीवर जराशी कलली.

मुकादम उठले. बोटीवर चढून त्यांनी पुन्हा इंजिनावर तळवा टेकला.

"आता गार झालं. लाव. लगेच बंद कर, थंड करायला खाली पाणी नाही."

प्रद्योतनं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. त्यानं ते बंद केलं आणि मोठ्यानं हसला.

"बघा! आख्खा दिवस घालवलात."

मुकादमांनी मान हलवली. "इंजिन उत्तम आहे."

मग त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, चिखलात उतरले आणि बोटीला वळसा घालून पलीकडे गेले.

"प्रद्योत… इकडे ये."

बोटीच्या तळाला ताजा निळा रंग होता. कण्याच्या बाजूला, त्या रंगातून, पाण्याचे थेंब बाहेर येत होते. एक गळे, त्याच्या शेजारी दुसरा धरे. अख्खी एक रेघ घामेजली होती. कधीतरी तळ खडकावर आपटून चिरला होता, आणि चीर वरवर लिंपून रंगवली होती. आत मुरलेलं पाणी आता वाट मिळेल तिथून पाझरत होतं.

प्रद्योतनं रेघेवरून बोट फिरवलं. रंगाचा पोपडा त्याच्या नखात आला.

पाटणकरचा चेहरा उतरला. "शप्पथ, मला हे ठाऊक नव्हतं." तो खरंच बोलत असावा. त्यानंही ती बोट भरतीलाच पाहिली होती.

परत येताना प्रद्योत म्हणाला, "तुम्हाला तळाचं माहीत होतं."

"नाही."

"मग थांबवलंत कशाला?"

"इंजिन गरम होतं."

प्रद्योत रस्त्यातच उभा राहिला.

"बरं झालं, वाचलो. मान्य. पण बाबांच्या डोळ्यांना थांबता येत नाही, चाचा! त्यांना काय सांगू? गार होईपर्यंत बसा म्हणून?"

मुकादमांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"हमिदा घेऊन जा. उद्या पहाटे, ओहोटीबरोबर."

हमिदा म्हणजे त्यांची स्वतःची जुनी लाकडी लाँच. बायकोच्या नावाची.

"ती? ती बैलगाडी?"

"हो."

नोव्हेंबरचा समुद्र शांत होता. बापलेक किनाऱ्याकिनाऱ्यानं देवगडापर्यंत गेले आणि परत आले. संध्याकाळ झाली की जवळच्या खाडीत शिरून नांगर टाकत.

परतल्यावर प्रद्योत थेट मुकादमांच्या अंगणात आला. ऊन लागून काळा पडला होता.

"कशी चालली?" मुकादमांनी विचारलं.

"कशी? सुकाणू डावीकडं ओढतं, सारखं हात घट्ट धरून बसावं लागतं. वारा मागून असला की केबिनमध्ये धूर. रत्नागिरीपुढं जरा मोठी लाट आली की नाक आधी खाली घालते, मग सावकाश वर येते. पहिल्यांदा वाटलं, आता बुडालो. नंतर कळलं, येते वर. तिला वेळ द्यावा लागतो. मागं पंख्याच्या दांड्यापाशी पाणी झिरपतं. सकाळी इंजिन दोनदा नाही म्हणतं, तिसऱ्यांदा…"

बोलता बोलता त्यानं धक्क्याकडे पाहिलं.

"आणि बाबा?"

"जयगडाला, अंधार पडताना… बाबांना दिवा दिसतच नव्हता नीट. पण डोळे मिटून आकडे मोजत होते. म्हणायचे 'आता'. आणि झोत यायचा. एकदाही चुकले नाहीत."

धक्क्यावर हमिदा हलत होती.

"चाचा, मला अजून एक कळलेलं नाही," प्रद्योत म्हणाला. "पहिली बोट निवडायची कशी?"

मुकादमांनी त्याला आपादमस्तक पाहिलं.

"तुझ्या पहिल्या बोटीच्या पोटात पाणी साठलं असेल," ते हमिदाकडे बघून म्हणाले. "आधी उपसून ये."