वाचलेलं परत आणा

"आठ दिवसांत सगळं परत आण, नाहीतर पोथीशाळेच्या दाराला भिंत घालतो," हैबतराव राजांनी पोथ्यांची निगा राखणाऱ्या म्हाळसाला फर्मावलं.

परत काय आणायचं? तर गावकऱ्यांनी वाचलेलं. पोथ्या जागच्या जागी होत्या, पानसुद्धा हललं नव्हतं. माणसांच्या डोक्यात गेलेलं तेवढं राजांना परत हवं होतं.

राजांनी तीस वर्षं खपून बाराशे पोथ्या जमवल्या होत्या. चांगल्या पोथीचा सुगावा लागायचा अवकाश, घोडेस्वार निघालाच. पोथी आली की लाल कापडात बांधायची, फडताळात ठेवायची आणि वर कुलूप. पावसाळा सरला की मात्र तिला ऊन दाखवावं लागे, नाहीतर कसर लागायची. ते काम म्हाळसाचं. एवढी सुटी पानं एकटीनं उलटायची म्हणजे कंबरडं मोडायचं, म्हणून ती गावातली माणसं हाताशी घ्यायची. पानं उलटता उलटता एक जण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. परवा रांजण द्यायला आलेल्या रखमाजी कुंभारानं दिवाणजींना सात चोरांची गोष्ट रंगवून सांगितली, आणि वर म्हणाला, "सरकारांच्याच पोथीतली बरं का!" झालं, बिंग फुटलं.

वर्षभर म्हाळसा त्या उन्हाच्या दिवसांचीच वाट बघायची, आणि आता तेच जाणार होते. पण बाई मुळात वस्ताद.

"आणते, सरकार," ती म्हणाली. "फक्त तपासून घ्या. कुणी अर्धी गोष्ट परत दिली आणि अर्धी दडवली, तर मला ओळखू येणार नाही. मूळ पोथीत काय आहे, ते सरकारांना ठाऊक असेलच."

राजे खाकरले. तीस वर्षांत त्यांनी एकाही पोथीची गाठ सोडली नव्हती. पण तसं कबूल कोण करणार?

"एकदा नजर टाकतो," ते म्हणाले, आणि त्याच दुपारी सात चोरांची पोथी घेऊन बसले. जेवणाचं ताट दोनदा आलं आणि दोनदा परत गेलं. मग दुसरी पोथी सुटली, मग तिसरी.

आठव्या दिवशी सकाळी म्हाळसा वाड्यावर आली, तर देवडीवर संभू न्हावी पहारेकऱ्यांना सातव्या चोराची फजिती सांगत होता आणि ते पोट धरून हसत होते. ती घटकाभर तिथंच उभी राहिली. मग ही गोष्ट कुठून ऐकलीस, ते संभूला विचारून आत गेली.

"आणलंस?" राजांनी विचारलं.

"कसं आणायचं तेवढं अडलंय, सरकार. आपण एकदा करून दाखवा, तसंच मी करीन."

"मी काय करून दाखवू?"

"काल दाढी करताना आपण संभूला सात चोरांची गोष्ट सांगितलीत. ती त्याच्याकडून परत घ्या. संभू देवडीवरच आहे, बोलावू?"

पडद्याआडून राणीसाहेब म्हणाल्या, "आणि परवा मला सांगितलीत, ती मी देणार नाही हं."

राजे असे हसले की मांडीवरची पोथी घसरली. म्हाळसानं ती अलगद झेलली. राजांनी कमरेची किल्ली सोडून तिच्या हातावर ठेवली.

"आजपासून पोथीशाळा तुझ्या ताब्यात. उद्या पोथ्यांना ऊन दाखव."

"यंदाचं दाखवून झालं, सरकार."

"मग रोज दाखव," राजे म्हणाले. "आणि पानं उलटायला माणूस कमी पडलं, तर मला हाक मार."