राउटरचा मालक

मंडळी, वस्तू आपसांत बोलत आणि माणसांना ते ऐकू येत नसे, त्या काळची ही गोष्ट. म्हणजे फार जुनी नाही.

यमूताई सबनीस एकट्या राहत. परगावच्या लेकीने घरात कॅमेरा लावला होता. आई दिसली की तिचा जीव भांड्यात पडे. चित्र तिच्या फोनपर्यंत पोचवायचं काम राउटरचं.

कॅमेऱ्याने एकदा विचारलं, "राउटरभाऊ, वायफायचा पासवर्ड ताईंनी बदलला. पण तुझ्या सेटिंगचा?"

"तो कारखान्यातलाच. माझ्या सगळ्या भावंडांचा तोच. तिथवर येतंय कोण?"

"म्हणजे दाराला कुलूप आणि तिजोरी उघडी!"

"तू आपला भिंतीवर बस."

पुढे शेजारी चहाला आले आणि त्यांनी वायफाय मागितलं. शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं? ताईंनी पासवर्ड दिला. शेजाऱ्याचा फोन आत शिरला, कारखान्याचा पासवर्ड बोलला आणि म्हणाला, "माझी मॅच अडकतेय. हा कॅमेरा ब्लॉक कर."

"जी मालक," राउटर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई उंबऱ्याला अडखळून पडल्या. कॅमेरा ओरडला, "अरे, लेकीला दाखव!"

"तुला मनाई आहे. मालकांचा हुकूम."

"मालकीण तर ती बघ, जमिनीवर पडलीय!"

"सेटिंगचा पासवर्ड सांगेल तो माझा मालक. ताईंनी कधी सांगितलाच नाही."

तिकडे लेकीला वाटलं, नेट गेलं असेल, संध्याकाळी बघू. संध्याकाळपर्यंत ताईंचे हात गार पडले होते. भिंतीपलीकडे मॅच मात्र एकदाही अडकली नाही.