काशीला सोडलेला कोबी

“...आणि काशीला सोडलेली भाजी माणसानं मरेपर्यंत खायची नसते. हे खरं ना, बुवा?”

सर्जेराव मोहित्यांनी विचारलं आणि खटला जिंकल्यासारखं बायकोकडं पाहिलं.

भीमगीर बुवा मठामागच्या वाफ्यात खुरपत बसले होते. हात थांबला नाही.

“खरं.”

“ऐकलंस?” सर्जेराव म्हणाले.

हौसाबाईंनी ऐकलं. दोन महिने त्यांच्या जिवाला घोर होता. नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. रक्तातली साखर उतरत नव्हती. तालुक्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या वेळेवर घ्या, भात आवरा, ताटात निम्मी भाजी घ्या. कोबी तर तुमच्याच रानात आहे. तो खा. पोट भरतं आणि साखर चढत नाही. ऐकलं नाहीत तर अंगठा जाईल.

कोबीचं नाव निघालं आणि सर्जेरावांना काशी आठवली. घरात रोजची खडाजंगी. शेवटी ठरलं, बुवा सांगतील ते दोघांनी मानायचं.

“गोळ्या घेतोस?” बुवांनी विचारलं.

“घेतो.”

“त्या चुकवू नकोस... काशीला जाऊन किती वर्षं झाली?”

“अकरा. दीड एकर कोबी पिकवतो, पण एक पान तोंडात घातलं नाही.” सर्जेरावांची छाती फुगली.

“मोठा निग्रह.”

“तर हो!” हौसाबाई म्हणाल्या. “पंगतीत जिलबीचा वाढपी मात्र ह्यांच्यापुढं दोनदा थांबतो.”

“जिलबीचा इथं काय संबंध?”

बुवांनी खुरपं खाली ठेवलं.

“फार आठवण येते का रे?”

“कशाची?”

“कोबीची. घरात शिजत असला की जीव तळमळत असेल.”

सर्जेराव खो खो हसले.

“कोबीसाठी? अहो बुवा, लहानपणापासून त्या वासानं मला मळमळतं. घरात कोबी शिजला की मी जेवायला सरळ चुलत्याकडं...”

हसू मिशीतच अडकलं.

हौसाबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे गदगदा हलत होते.

बुवा उठले. वाफ्यातला एक गड्डा कापला. वरची पानं काढली, हौदावर धुतला आणि आणून सर्जेरावांच्या मांडीवर ठेवला.

“घे. गंगेनं परत पाठवलाय.”

सर्जेराव गड्ड्याकडं बघत राहिले. गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. इथं त्यांनी स्वतःच आवाज खाली आणला.

“मग... गंगेला द्यायचं काय?”

बुवांनी हातांची माती झटकली.

“...जिलबी?”

हे इतक्या बारीक आवाजात आलं की हौसाबाईंना राहवलं नाही. पदर सोडून त्या मोकळ्या हसल्या. बुवा हसले. मग सर्जेरावही हसायला लागले, पोट धरून, फेटा सुटेपर्यंत. दोन महिन्यांत नवरा-बायको मिळून एकाही गोष्टीवर हसली नव्हती.

फेटा गुडघ्यावर ठेवून सर्जेरावांनी एक पान मोडलं. डोळे मिटले आणि दातांखाली धरलं. कचकन आवाज झाला.

मळमळलं नाही.

“बरा लागतो की,” ते म्हणाले आणि दुसरं पान मोडलं.

हौसाबाई बघतच राहिल्या.

तिसऱ्या पानावर सर्जेरावांच्या कपाळाला आठी पडली.

“पण बुवा, जिलबी सोडायची तर रीतसर सोडायला हवी. पुन्हा काशीला जाणं आलं. आता या पायानं कसं जमायचं? त्यात परवा पुतण्याचं लग्न. उन्हाळा सरला की निवांत जाऊ, गंगेत उभं राहू आणि मग...”

बुवा खुरपं घेऊन पुन्हा वाफ्यात बसले.

“काशी लांब आहे, सर्जेराव. पंगत परवा आहे.”