दोन खोल्यांच्या किल्ल्या

समलैंगिक आणि उभयलैंगिक खेळाडूंची आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा पुण्यात भरली. संघांत इतरांनाही जागा होती. मैदानाचे सेक्रेटरी घोरपडेसाहेब मात्र अडून बसले. "अंघोळीला 'तसल्यां'ची खोली वेगळी, नाहीतर मैदान बंद."

परदेशी संघ दारात उभे होते. यजमान कप्तान शार्दूल नम्रपणे म्हणाला, "चालेल. कोण कुठे जाईल, ते तुम्हीच सांगा."

सामना संपला. चिखलाने माखलेला एकेक धिप्पाड गडी साहेबांपुढे येऊन अदबीने विचारू लागला, "सर, मी कुठल्या खोलीत?" चेहरे न्याहाळून साहेब घामाघूम झाले. शेवटी त्यांनी एकच खोली उघडली.

शार्दूलचा जीव भांड्यात पडला.

"आता दुसरीचं काय करू?" साहेब पुटपुटले.

"ती तुम्हीच वापरा, सर," शार्दूल म्हणाला. "वेगळी खोली मागणारे तुम्ही एकटेच आहात."